आवड आणि पाचारण

जे काम मनाला रुचते ते पाचारण असू शकते काय? कर्तव्य कडूच असावे, अशी आपली जुनी समजूत. आवडीमागे जाणारा आपल्याला स्वार्थी वाटतो.

कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठात काम केलेल्या भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता यांचे उदाहरण घ्यावे. डोंगरांच्या ओढीने त्यांनी गिर्यारोहणाचे रीतसर शिक्षण घेतले. १९८३ साली तिसऱ्या भारतीय मोहिमेबरोबर त्या अंटार्क्टिकाला निघाल्या. सोबत नागपुरात जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत होत्या. भारतीय मोहिमेबरोबर त्या भूमीवर पाय ठेवणाऱ्या या पहिल्या स्त्रिया. (पहिलेपणाचे कौतुक फार झाले, कामाचे त्यामानाने थोडे.) शिरमाकर टेकड्यांच्या उघड्या खडकांतील घड्या पाहणे, त्यांची दिशा व कल मोजणे, नकाशा रेखाटणे, हे ते काम. १९८९ मध्ये त्या पुन्हा तेथे गेल्या.

बर्फाच्या दृश्याचा मोह कोणालाही पडेल. परंतु बोचऱ्या वाऱ्यात उभे राहून शंभरावे माप पहिल्याइतक्याच प्रामाणिकपणे घेण्यास मोह पुरत नाही. आवड आणि पाचारण यांतील भेद मला तेथेच दिसतो.

आपल्या घरातील एखादी मुलगी दगड गोळा करीत असेल, तर याने पोट भरेल काय, असे विचारण्याआधी तो दगड कोठे सापडला हे ती लिहून ठेवते काय, एवढे पाहावे.