हळदीचं बोट

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात काकांचं लॅमिनेशनचं दुकान होतं. बारावीच्या सुट्टीत मी तिथे मशीनवर बसायचो. गिऱ्हाईक आलं की सॅम्पलची फाइल पुढे करायची आणि महागातलं आधी दाखवायचं, एवढं मी आपल्या मनानेच ठरवून टाकलं होतं.

एका दुपारी एक मावशी आल्या. खानावळ काढणार होत्या, दहा मेन्यूकार्डं छापून आणली होती. मी मॅट फिल्म दाखवली. हात फिरवला की मखमल. ट्यूबलाइटची तिरीप नाही, रंग शांत. मावशी हरखल्या. "हेच कर बाळा. जरा भारी दिसू दे."

काका मागे डबा खात होते. ते तसेच उठून आले आणि वांग्याच्या रश्श्याचं बोट आधी मॅटच्या तुकड्यावर टेकवलं, मग ग्लॉसच्या. मला म्हणाले, "पूस."

ओलं फडकं फिरताच ग्लॉस लख्ख झालं. मॅटच्या बारीक खरखरीत मात्र तेल बसलं होतं. जोर लावून घासलं, तर डाग पुसट झाला पण घासलेली जागा तेवढी चकाकायला लागली.

"लग्नपत्रिका असती तर मीही मॅटच म्हटलं असतं," काका मावशींना म्हणाले. "हे कार्ड जेवणाऱ्यांच्या हातात जाणार. आणि रोल लॅमिनेशन करून कागदालगत कापलं, तर कड उघडी राहते. रोजच्या फडक्याचं पाणी तिथून शिरतं नि कोपरे फुगतात. १२५ मायक्रॉनचा ग्लॉसी पाउच घ्या. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर प्लास्टिक सोडू, म्हणजे कड बंद."

मी सांगितलेल्या भावापेक्षा हे स्वस्तात पडत होतं. माझा चेहरा उतरला.

जाता जाता मावशींनी पिशवीतून घडी घातलेलं एक पान काढलं. सासूबाईंनी शाईने लिहिलेलं गोड्या मसाल्याचं प्रमाण. "हेही करून टाक. जन्मभर राहील."

मशीन तापलेलंच होतं. मी पान पाउचमध्ये सरकवलंसुद्धा. काकांनी माझं मनगट धरलं.

"हे नाही. गरम रोलरखालून गेलं की डिंक कागदात उतरतो, पुन्हा सोडवता येत नाही. जुना कागद आतल्या आत पिवळा पडत जातो, आणि दुरुस्त करायला हात पोचत नाही. याची कलर झेरॉक्स काढ. ती लॅमिनेट करून ओट्यापाशी लावतील. मूळ पान पॉलिएस्टरच्या पारदर्शक कव्हरात घाल, बाजू उघडी ठेवून. आणि मावशी, ते कपाटात ठेवा, उन्हात नको."

मी पान अलगद बाहेर ओढलं. पाउचच्या आत, घडीच्या रेषेवर, तपकिरी पूड चिकटली होती. मावशींनी पान नाकाशी नेलं, डोळे मिटले, मग माझ्यापुढे धरलं.

"बघ, दगडफुलाचा वास येतोय अजून."