लोंढा म्हणे!

कालची तुझी बातमी वाचली. ‘परप्रांतीय चोरट्यांचा उच्छाद, चाकण पट्ट्यात लोंढे सुरूच.’ मथळा तुझाच ना? मग मान खाली घालू नकोस, इकडे बघ आणि ऐक.

पकडला गेला एक पोरगा, तोही नुसत्या संशयावरून. ‘चोरटे’ कुठून आले? आणि लोंढा कशाला म्हणतात, हे तुला सुदुंबऱ्यात राहून कळू नये? एनडीआरएफची पाचवी बटालियन आपल्याच गावात आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं तेव्हा तिचे जवान होड्या घेऊन धावले होते. त्यांना विचार लोंढा काय असतो ते. लोंढा दिसला की माणूस बांध घालतो नाहीतर पळतो. त्यात कोण आहे, कुठे निघालाय, हे विचारत बसत नाही. वाचकाच्या डोक्यात तू नेमकं हेच पेरतोस.

गावातल्याच पोराने मोटारसायकल चोरली तेव्हा तू ‘तरुणास अटक’ एवढंच लिहिलंस. ते बरोबर होतं. मग बिहारचा निघाला की त्याचं राज्य थेट मथळ्यात कसं चढतं? आणि त्याच बिहारी पोराची बोटं पॉवर प्रेसखाली गेली की राज्य गळतं, नाव गळतं, कारखानाही गळतो. उरतं ‘कामगार जखमी’, आतल्या पानावर, दोन ओळी. मशीनचा सेन्सर चालू होता का? ईएसआय कार्ड होतं का? आंतरराज्य स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ साली कायदा झाला. ठेकेदाराला परवाना, प्रत्येक मजुराला फोटो लावलेलं पासबुक, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. एका तरी ठेकेदाराला तू कधी त्याबद्दल विचारलंस?

८ मे २०२०. ही तारीख पाठ कर. करमाडजवळ पहाटे मालगाडीखाली १६ मजूर गेले. मध्य प्रदेशातले, जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे. गावाकडची गाडी मिळेल म्हणून भुसावळच्या दिशेने रात्रभर चालत निघालेले. रुळांवर त्यांच्या पोळ्या विखुरल्या होत्या. आणि लोकांनी विचारलं काय? ‘रुळावर झोपलेच कशाला?’ अरे, पाय चालेनात म्हणून टेकले! टाळेबंदीत गाड्या बंद आहेत असं समजून टेकले. त्यांना रुळांवरून चालायला कुणी लावलं, हे विचारणं बातमीदाराचं काम होतं. मेलेल्यांची चूक काढणं नव्हे.

आणि बाहेरून आलेली माणसं आपल्याला नवी आहेत का? तुमच्या घरच्या लग्नांचा बस्ता पिंपरी कॅम्पात बांधला जातो. फाळणीत सिंधमधलं घरदार सोडून आलेल्यांची ती वसाहत. कोल्हापूरजवळ वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. लांबचं कशाला, तुझ्या घरामागच्या खोल्या कुणाच्या भाड्यावर चालतात? डिपॉझिट घेताना तो भला माणूस आणि बातमीत लोंढा? लाज वाटली पाहिजे.

संताजी महाराजांची समाधी आपल्या गावात आहे. तुकोबांचा शब्द त्यांनी लिहून ठेवला, पदरचं काही न घालता. त्या गावात तू लेखणी धरतोस.

आता आधी पोलीस ठाण्यात जा. त्या पोरावर नेमका कोणता गुन्हा नोंदलाय, ते एफआयआरमध्ये स्वतः वाच. त्याचा ठेकेदार कोण, ते शोध. दुरुस्ती त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत आली पाहिजे. संध्याकाळी मजकूर घेऊन ये. मथळा आधी दाखव.