धर्मराजाची मुदत

महाभारताच्या आदिपर्वातील मांडव्य ऋषींची कथा आपण बहुधा विदुराच्या जन्माचे कारण म्हणून वाचतो आणि पुढे जातो. वस्तुतः ती एका फौजदारी निकालावरील अपिलाची कथा आहे. मौनव्रत धारण केलेल्या या तपस्व्याच्या आश्रमात चोरांनी मुद्देमाल दडविला, राजाच्या शिपायांनी चोरांबरोबर त्यांनाही धरले, आणि सुळावर चढवूनही ते मरेनात तेव्हा राजाने क्षमा मागून सूळ उपसू पाहिला. तो निघेना म्हणून तोडावा लागला, व त्याचे टोक देहात वागवीतच ते पापपुण्याचा न्याय करणाऱ्या धर्मराजापुढे उभे राहिले. हे कोणत्या पापाचे फळ, या प्रश्नास उत्तर मिळाले की, बालपणी तुम्ही पतंगांच्या शेपटांत काड्या खुपसल्या होत्या! ऋषींनी धर्मालाच शाप दिला, आणि चौदा वर्षे वयापर्यंतचे कृत्य पातक गणले जाणार नाही, अशी मर्यादा घालून दिली.

ज्याच्या दप्तरातून काहीच गहाळ होत नाही त्या सर्वज्ञ न्यायाधीशाला गुन्ह्याची दखल घेण्यास मुदतीची गरज नाही, हे खरे. परंतु जिचे कारण भोगणाऱ्यास ठाऊकच नाही ती शिक्षा नव्हे, निव्वळ यातना होय, हा आक्षेप मला अद्याप अनुत्तरित वाटतो.

राज्यसंस्थेच्या दप्तराला तर वाळवी लागते आणि साक्षीदार मरतात. म्हणूनच १८९८च्या संहितेत नसलेली सर्वसाधारण मुदत १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने घातली : केवळ दंडाच्या गुन्ह्यास ६ महिने, १ वर्षापर्यंतच्या कैदेच्या गुन्ह्यास १ वर्ष, ३ वर्षांपर्यंतच्या कैदेच्या गुन्ह्यास ३ वर्षे; त्याहून गंभीर गुन्ह्यास मुदत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनेही हेच आकडे कायम ठेवले आहेत. मुदत टळल्याने पाप फिटत नाही, फक्त सरकारचा हात आखडतो. मुदतीवर सुटलेले लोक मात्र निर्दोषत्वाचे पेढे वाटतात.

आळशी अंमलदाराविरुद्ध ही मुदत योग्यच आहे. भयाने गप्प राहिलेल्या फिर्यादीचे काय? मांडव्यही शिपायांपुढे गप्पच राहिले होते. न्यायहितार्थ विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयास आहे. पण तो न्यायालयाच्या मर्जीचा, फिर्यादीच्या हक्काचा नव्हे. विनयभंगाची शिक्षा २०१३च्या दुरुस्तीने २ वर्षांवरून ५ वर्षांपर्यंत गेली आणि तिच्याबरोबर ३ वर्षांची मुदतही आपोआप गळाली. जे हेतुपुरस्सर व्हावयास हवे होते ते असे आडवाटेने झाले. विधिमंडळांनी मुदत ठरविताना शिक्षेची वर्षे मोजण्याआधी फिर्यादीला बोलता का आले नाही, याची चौकशी करावी.