वर मिस्सा, खाली मिस्सा



भक्ती नेमकी कुठे करायची, आमच्या डोंगरावर की तुमच्या यरुशलेमात? शोमरोनी स्त्रीने विहिरीवर येशूला विचारलेला हा प्रश्न (योहान ४). अमेरिकेत उच्च शिक्षण घेणाऱ्या चिकाना मुलींपुढे आज तोच प्रश्न आहे. काही जणी तर त्यावर प्रबंध लिहितात.

चिकाना म्हणजे अमेरिकेत वाढलेली, आपले मेक्सिकन मूळ अभिमानाने सांगणारी स्त्री. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा मोठा मुलूख अमेरिकेकडे गेला आणि तिथली माणसे घर न सोडताच परक्या देशात गेली. त्यांच्यासोबत राहिली ग्वादालुपेची माता. १५३१ साली ती हुआन दिएगो या आदिवासी माणसाशी त्याच्याच नाहुआत्ल भाषेत बोलली, अशी श्रद्धा आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये त्याला संतपद दिले. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाचे शेतमजूर डिलेनोहून सॅक्रामेंटोला पायी निघाले, तेव्हा पुढे तिचीच पताका होती.

अशा घरात आजीची छोटी वेदी असते. तसबीर, मेणबत्ती, गेलेल्यांचे फोटो. मग एखादी आई इव्हँजेलिकल मंडळीत जाऊ लागते. बायबल हाती येते, कधी नवऱ्याची दारू सुटते, पास्टर नावाने हाक मारतो. आणि एके दिवशी तसबीर 'मूर्तिपूजा' म्हणून खाली उतरते. लेक दोघींच्या मध्ये उभी! लेखिका ग्लोरिया अन्साल्दुआ यांनी १९८७ च्या पुस्तकात या सीमेवरच्या जगण्याबद्दल लिहिले. त्यांची सगळी मते आपल्याला पटणार नाहीत. पण ग्वादालुपेची माता दोन जगांना जोडते, हे त्यांनीही मांडले.

प्यू संशोधन केंद्रानुसार २०१० साली अमेरिकेतील ६७ टक्के लॅटिनो प्रौढ कॅथलिक होते, २०२२ मध्ये ४३ टक्के. सगळेच दुसऱ्या मंडळीत गेले असे नाही. कित्येक जण कुठेच जात नाहीत. 'त्यांना फूस लावली' असे आपण चटकन म्हणतो. पण एकेकाळी तिथल्या अनेक धर्मग्रामांत मेक्सिकन लोकांची मिस्सा तळघरात होत असे. वर इंग्रजी, खाली स्पॅनिश. देव एकच, जिने दोन.

येशूने त्या स्त्रीला उत्तर दिले; पण त्याआधी तिच्याकडे प्यायला पाणी मागितले. प्रार्थनागटात गेलेल्या आपल्याच माणसांशी बोलताना मी नेमके हेच विसरतो, थेट उत्तरापासून सुरुवात करतो. या आठवड्यात अशाच एका घरी जाणार आहे. चहा मागणार आहे.