ओंजळीतली रोटी

नांदेड. गुरुद्वाऱ्यातला लंगर.

जमिनीवर लांबलचक पट्ट्या अंथरल्या आहेत. पंगतीत येऊन बसा. मांडी घाला. डोक्यावरचा पदर सावरा.

श्वास घ्या. सोडा. इथं घाई नाही.

वाढणारा रांगेतून पुढे सरकतो. रोटी इथं ओंजळीत घ्यायची असते. दोन्ही हात पुढे करा.

रोटी गरम आहे. तिची ऊब तळहातांना कळू द्या.

थांबा.

शेजारी एक मुलगी आहे. लातूरला नीटची तयारी करते. होस्टेलवर राहते. मेसचा डबा रोज अर्धा परत जातो. कुणी विचारलं की म्हणते, "जेवून आले मी."

तिच्या ओंजळीतही रोटी आहे. ती रोटीकडे बघते, आणि छातीत धडधड सुरू होते.

ही धडधड ऐका. ही नाटकं नाहीत. हट्टही नाही.

पुन्हा एक श्वास.

आता लक्ष पाठीकडे न्या. बरगड्यांच्या खालच्या कडेपाशी दोन मूत्रपिंडं आहेत. त्यांच्या माथ्यावर दोन लहानशा ग्रंथी. तिथून कॉर्टिसॉल, ताणाचं संप्रेरक, रक्तात उतरतं. सकाळी जाग आल्यावर ते चढतं. मध्यरात्रीच्या सुमाराला सगळ्यात कमी असतं.

अन्न थांबलं, की हा क्रम बिघडतो. कॉर्टिसॉल बरेचदा चढलेलंच राहतं.

दुष्काळात घरातली बाई कणगीच्या तळाशी हात घालून दाणे गोळा करते. तसं शरीर स्वतःचे स्नायू मोडून मेंदूसाठी साखर जमवतं.

ते तिच्याविरुद्ध नाही. ते तिला जगवतंय.

यासोबत थोडा वेळ राहा.

पण जगवता जगवता झोप तुटते. मन उदास होतं. सगळे विचार जेवणाभोवती फिरतात. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात एका प्रयोगासाठी ३६ धडधाकट तरुण सहा महिने अर्धपोटी राहिले. तेही चिडचिडे झाले, खचले. त्यांच्याही मनात रात्रंदिवस अन्नच होतं.

भीती जेवू देत नाही. न जेवल्यानं भीती वाढते.

हे फक्त बघा. दोष कुणालाच देऊ नका.

ती मुलगी तुमची बहीण असेल. लेक असेल. कदाचित तुम्हीच असाल.

श्वास घ्या. सोडा.

नियमित अन्न मिळू लागलं, वजन सावरलं, की चढलेलं कॉर्टिसॉलही हळूहळू उतरतं. मनाला जास्त वेळ लागतो. लागू द्या. मात्र ही वाट एकटीनं चालायची नाही. डॉक्टर सोबत हवेत. नांदेडला आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं मानसोपचार विभागात जाता येतं. रात्री-अपरात्री टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करता येतो.

पहिलं वाक्य सोपं असू द्या: "मला जेवायची भीती वाटते."

आधी मनात म्हणा. मग कुणाला तरी ऐकू जाईल, एवढ्या आवाजात.