मुखाची सेवा

ज्येष्ठ महिना लागला की आमच्या बावधनात घराघरांतून टाळ नि पताका बाहेर निघतात. माउलींची पालखी पुण्यास मुक्कामाला आली की इकडची माणसे तिला जाऊन मिळतात. अशाच दिवसांत एक गृहस्थ आमच्याकडे आले. वडील अंथरुणाला खिळलेले, डॉक्टरांनी आशा सोडलेली.

"बुवा, वारी चुकवू, की आबांना सोडून जाऊ?"

आम्ही म्हणालो, "अरे, ज्याला भेटायला जायचे तो विटेवर कोणामुळे उभा आहे? पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता म्हणून देव थांबला. तेव्हा रागावला नाही, तो आता रागावेल काय?"

"सेवा तर करतोच. औषध, अंघोळ, कूस बदलणे, कशात उणे नाही."

"आणि बोलतोस काय?"

गृहस्थ गप्प. मग म्हणाले, "गोळी घेतली का, एवढंच. जास्त बोललो तर रडू येईल, आबांचा धीर सुटेल."

बाबांनो, बहुतेक घरांत हेच चालते. हात राबतात, मुख मुके राहते. सून चुलीपाशी डोळे पुसते, लेक ओसरीवर. आणि रोगी भिंतीकडे तोंड करून समजतो, आपले ओझे झाले!

रडण्याची लाज कशाला? इ. स. १२९६ मध्ये ज्ञानोबारायांनी आळंदीस समाधी घेतली. निवृत्तिनाथ त्यांचे थोरले बंधू आणि गुरूही. त्या गुरूंचाच शोक नामदेवरायांनी समाधीच्या अभंगांत वर्णिला आहे. ज्ञानाने प्रेम आटत नाही.

फार बोलावे असेही नाही. "तुम्ही आम्हाला हवे आहात" म्हणावे, उपकार आठवावे, चुकल्याची क्षमा मागावी. उपचार चालू ठेवावे, खोटी आशा दाखवू नये. रोग्याला बोलायचे असेल तर ऐकावे. नसेल तर हात हाती धरून बसावे.

ते गृहस्थ त्या वर्षी घरीच राहिले. पुढे सांगत होते, "आबांना म्हटलं, खांद्यावर बसवून पालखी दाखवलीत, ते विसरलो नाही. आबांनी खुंटीकडे बोट केलं. टाळ काढून दिले, तर म्हणाले, मला नको. तू वाजव, मी ऐकतो."

ज्या मुखाने नाम घेता, त्याच मुखाने घरच्या रोग्याला मायेचा शब्द द्या. आजच द्या, उद्याचा भरवसा कोणी दिला आहे?

रामकृष्णहरी!