झारेकऱ्याचा हिस्सा

सोनाराच्या दुकानातला केर झारेकरी विकत घेतो, धुतो, त्यातून सोन्याचे कण काढतो. सोनाराला जे वेचणं परवडत नाही, त्यावर त्याची चूल पेटते. दोघांचा व्यवहार ठरलेला असतो. घानातल्या ओबुआसी या सोन्याच्या खाणीच्या गावाबद्दल वाचताना मला हा व्यवहार आठवतो, कारण तिथे तो कधी ठरलाच नाही.

या भागात अशांतींच्या मुलखातले लोक कित्येक पिढ्या खड्डे खणून सोनं काढत. १८९० मध्ये किनाऱ्यावरच्या तीन आफ्रिकी व्यापाऱ्यांनी स्थानिक प्रमुखांकडून इथले हक्क मिळवले. पुढे एडविन केड या इंग्रजाने ते विकत घेतले आणि १८९७ मध्ये कंपनी उभी राहिली. भाडेपट्टा शंभर चौरस मैलांचा, नव्वद वर्षांचा. सोनं शोधायला केडला फार भटकावं लागलं नसावं. जुने खड्डेच बोलत होते. आज त्याच जमिनीवर खड्डा खणणारा घुसखोर ठरतो. अशा खणण्याला 'गलामसे' म्हणतात. 'गॅदर देम अँड सेल' हे इंग्रजी शब्द तोंडातोंडी झिजून हा शब्द झाला.

१९८९ च्या कायद्याने छोट्या खाणवाल्यांना परवाना देऊ केला. पण सोन्याची चांगली जमीन आधीच मोठ्या भाडेपट्ट्यांत गेलेली. पंगतीला बोलवायचं आणि पानं मात्र आधीच दुसऱ्यांपुढे मांडून ठेवायची, असा हा प्रकार.

२०१४ मध्ये कंपनीने ओबुआसीचं उत्पादन थांबवलं, हजारोंचं काम गेलं. २०१६ च्या सुरुवातीला लष्कराचा पहारा उठताच शेकडो माणसं खाणीत शिरली. त्या गोंधळात कंपनीच्या एका अधिकाऱ्याचा जीव गेला. कंपनीचा संताप खोटा नव्हे. गलामसेवालेही काही साधुसंत नाहीत: सोनं धरायला पारा वापरतात, प्रा आणि अंकोब्रा या नद्या गढूळ झाल्या आहेत. पण नदी उपसणारी पोकलेन मशिनं पैसेवाल्यांची असतात. २०१३ मध्ये घानाने हाकलून दिलेल्या परदेशी खाणवाल्यांत चीनमधल्या शांगलिन तालुक्यातले कितीतरी जण होते. कुदळवाला आणि पोकलेनवाला या दोघांनाही एकच नाव देणं सोयीचं आहे, सरकारलाही आणि कंपनीलाही.

वास्तविक कंपनीची खरी कमाई शेकडो मीटर खोल बोगद्यांत आहे. वरच्या थरातल्या बारीक शिरांमागे लागणं तिला बहुधा परवडत नाही, आणि कुदळवाल्याला तेवढंच जमतं. सोनार-झारेकऱ्याची वाटणी जमिनीनेच करून ठेवली आहे! कंपनीने नंतर भाडेपट्ट्याचा मोठा भाग सोडला, २०१९ अखेर पुन्हा सोनं काढू लागली. तरी जानेवारी २०२५ मध्ये खाणीच्या आवारात सैनिकांच्या गोळीबारात अनेक जण मेले. मेलेले सशस्त्र होते, असं लष्कर म्हणतं. छोट्या खाणवाल्यांची संघटना ते नाकारते.

त्याच वर्षी सरकारने छोट्या खाणवाल्यांचं सोनं खरेदी करायला गोल्ड बोर्ड स्थापन केलं. तराजू आला. जमिनीचा परवाना तोच जुना, फार तर पंचवीस एकरांचा.